पसा पडेपर्यंतचा सूर

आमच्या भागात दोन गावांची भजनी मंडळं एका मांडवात आली की वाद ठरलेला. एक म्हणतो, ही चाल आमची, तुम्ही उचलली. दुसरा म्हणतो, आमच्या आज्यापासून हीच चाल आहे, तुम्हीच तिचं वाटोळं केलं. मग कुणीतरी शहाणा मधे पडतो आणि म्हणतो, भांडू नका, मूळ चाल कोणती ते शोधा. हे शोधकाम मी चाळीस वर्षं बघतोय. अजून कुणाला सापडलेली नाही. पावसाळ्यात ओढा भरल्यावर त्यातलं कुठलं पाणी कुणाच्या बांधावरून आलं ते कुणी सांगावं?

मला सरगम येत नाही. पेटीला हात लावला तर पोरं हसतील. पण ऐकण्यात जन्म गेला, आणि भाकरी बरी की वाईट हे सांगायला माणसाला गिरणी चालवता यावी लागत नाही. म्हणून एका चालीविषयी माझं मत मांडतो. ती कशी आली, कुठं कुठं गेली, वाटेत काय गमावलं, काय कमावलं, आणि तिच्यावर आता कसली वेळ आली आहे.

ही चाल किंगरीवरची. नव्या पोरांना किंगरी म्हणजे काय ते सांगावं लागतं. एक बांबूची दांडी, खालच्या टोकाला करवंटी किंवा भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, एकदोन तारा, आणि वाजवायला घोड्याच्या केसांचा गज. आमच्याकडं जो बाबा यायचा त्याच्या गजाला बारीक घुंगरं बांधलेली होती. गज ओढला की सूर निघायचा आणि त्याच ओढीत ताल पडायचा. दुसऱ्या माणसाची गरज नाही. वाजवणारे नाथपंथी डवरी गोसावी. सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत याच जमातीखाली ‘किंगरीवाले’ असंही नाव लिहिलेलं आहे. वाद्यावरूनच माणसाची ओळख पडली.

गाणं राजा गोपीचंदाचं. धुंडीसुत मालूंच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त ही कथा आहे आणि श्रावणात आमच्याकडं घरोघर ती वाचली जाते. बंगालचा राजा, आई मैनावती, गुरू जालंदरनाथ. राजा गुरूला खड्ड्यात पुरतो, पुढं कानिफनाथ त्यातून वाट काढतो, आणि शेवटी राजा स्वतःच राज्य टाकून जोगी होतो. ही कथा एकट्या महाराष्ट्राची नाही. राजस्थानात जोगी ती सारंगीवर गातात. बंगालात एका तारेच्या वाद्याला गोपीयंत्र म्हणतात. म्हणजे कथा सगळ्या मुलखात फिरली, पण प्रत्येक मुलखात तिला वेगळा सूर मिळाला. आमच्या पाथर्डी-आष्टीच्या पट्ट्यात मिळाला तो असा.

चाल सुरुवातीला बराच वेळ खालीच रेंगाळते. एकाच सुराभोवती घोटाळत राहते, जसा माणूस परक्या दाराशी चपला काढू की नको करत उभा राहतो. मग अचानक वर चढते, तिथं राजाचं नाव येतं. पुढं शब्द सांडत खाली येतात आणि संपतात. पण शब्द संपल्यावर गज थांबत नाही. एक लांब, मोकळी ओढ राहते. नुसता सूर. गाणारा तोंड मिटून असतो आणि दाराकडं बघत असतो.

पुष्कळ दिवस मला वाटायचं की ही मोकळी ओढ म्हणजे दम खाण्याची जागा. नीट ऐकत गेलो तसा तिचा उलगडा झाला. बाई चुलीपाशी असते. दारात किंगरी ऐकू आली की ती हातातलं काम टाकते, कणगीपाशी जाते, सुपात पसाभर जोंधळे नाहीतर बाजरी घेते आणि उंबऱ्यावर येते. याला जेवढा वेळ लागतो तेवढी चालीची लांबी. मोठ्या वाड्यासमोर खालचं घोटाळणं जास्त चालायचं, कारण आतलं घर लांब. मळ्यातल्या वस्तीवर छपरापुढं लगेच वरची ओळ यायची. आणि शेवटची मोकळी ओढ ही धान्य झोळीत पडण्याची जागा. पसा पडला की सूर मिटला.

आता गंमत बघा. गाण्यातला गोपीचंद काय करतो? ज्या राण्यांचा तो धनी, त्यांच्याच दारात झोळी पसरून उभा राहतो. कथा भिक्षेची, गाणाराही भिक्षेला आलेला, आणि चालही दाराशी थांबणारी. तिन्ही एकावर एक बसलेलं. या चालीला मी थोर म्हणतो ते या कारणानं. तिच्यात अवघड काही नाही, पण शोभेपुरतंही काही नाही. शाळेत आम्हाला कवितेचं रसग्रहण शिकवायचे, त्यात आशय आणि रूप एकमेकांत मिसळले पाहिजेत असं गुरुजी सांगायचे. तेव्हा ते वाक्य पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळला तो किंगरीमुळं.

ही चाल पोराकडं कशी जाते तेही सांगतो. बापामागं आठ-नऊ वर्षांचा पोरगा झोळी घेऊन चालतो. त्याला पहिली दोनचार वर्षं वाद्य मिळत नाही. तो झील धरतो, म्हणजे ओळीचा शेवट बापाबरोबर उचलतो आणि धरून ठेवतो. आधी शेवट शिकायचा, मग सुरुवात. शिवाय तो नुसतं गाणं शिकत नाही, दारं शिकतो. कुठल्या घरी म्हातारी एकटी आहे, तिथं मैनावतीचा भाग. कुठं लेक सासरी गेलीय, तिथं बहिणीचा. कुठं नुकतंच मयत झालंय, तिथं फार न गाता पुढं व्हायचं. वहीत लिहिलेलं काही नाही. प्रत्येक कुटुंबाची फिरायची गावं ठरलेली असत, सुगीला खळ्यावर येणं ठरलेलं असे. म्हणून एकाच चालीला गावाप्रमाणं वेगळं वळण पडत गेलं.

मग ही वळणं एकमेकांना भेटत कुठं? मढीला. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथं यात्रा असते, रंगपंचमीला मोठी गर्दी. गाढवांचा बाजार भरतो. भटक्यांची पंढरी म्हणतात तिला. वर्षभर पांगलेली कुटुंबं तिथं एका माळावर उतरायची. सोयरिकी व्हायच्या, भांडणं मिटायची, नवी उठायची. रात्री पालापुढं किंगऱ्या निघायच्या. एकाचं ऐकून दुसरा आपली चाल थोडी हलवायचा, नाहीतर हट्टानं तशीच ठेवायचा. दोन्ही गोष्टी चालीला लागतात. नुसता हट्ट असता तर चाल सुकली असती, आणि सगळ्यांनी सगळंच उचललं असतं तर आमच्या पट्ट्याचं म्हणून काही उरलंच नसतं.

इथपर्यंत सगळे लिहितात. बाप, पोरगा, यात्रा, परंपरा. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. चाल वाजवणारा घेऊन फिरतो, पण ती मुरते ऐकणाऱ्या बाईत. आणि तिचा हिशोब कुणीच मांडत नाही.

सूप घेऊन उंबऱ्यावर उभी राहिलेली बाई पहाटे जात्यावर बसायची. ओवी लहान असते. बाई तिला हवी तशी ओढते, मधे ‘गं बाई’ घालते, एक ओळ दोनदा म्हणते. आमच्या घरातल्या बायकांनी किंगरीच्या चालीतला तो वर चढणारा तुकडा जसाच्या तसा जात्यावर आणला होता. राजाच्या नावाच्या जागी भावाचं नाव आलं. शेवटची मोकळी ओढ मात्र बदलली, कारण जातं थांबत नाही. तिथं सूर फिरू लागला, खुंट्याच्या फेऱ्यासारखा. माझी आत्या पैठणकडं दिली होती. तिच्याकडं गेलो तेव्हा तिच्या जावा, नणंदा ही चाल म्हणताना ऐकल्या, आणि त्या सांगत होत्या की ही आमच्या गावची. ज्या गावात आमचा किंगरीवाला कधी गेला नसेल तिथं त्याची चाल आत्याच्या बोळवणीबरोबर पोचली. चालीच्या दोन वाटा आहेत. एक भिक्षेच्या फिरस्तीची, दुसरी सासर-माहेरची. दुसरी जास्त लांब जाते.

विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. तेव्हा चाल मरायला पाहिजे होती. ती हळदीच्या गाण्यात शिरली, अंगाईत शिरली. तिसरी एक वाट ऊसतोडीची. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं कोयता घेऊन कारखान्याला जातात. रात्री गाड्यांची रांग लागलेली, बैल सवयीनं चालतात, बाई उसाच्या मोळ्यांवर पोर मांडीत घेऊन बसलेली. तिथं मी ही चाल ऐकली आहे, आणि तिथं ती अगदी सावकाश होती, बैलाच्या चालीनं. शब्द मुकादमाच्या उचलीचे होते. गोपीचंदाचा पत्ताही नव्हता.

आता भजनी मंडळाकडं येतो, कारण वाद तिथला आहे. मंडळानं चाल पेटीवर घेतली. किंगरीला पडदे नसतात, बोट तारेवर कुठंही थांबतं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. पेटीला पट्ट्या आहेत. एक दाबायची, सोडायची, दुसरी दाबायची. मधली वाट गेली. जिथं चाल घरंगळत उतरत होती तिथं ती आता पायऱ्या उतरते. शिवाय किंगरी गाणाऱ्याच्या गळ्याला लावलेली असते, पेटीवर आधी पट्टी ठरते आणि मग सगळ्यांचे गळे तिच्या मागं ओढले जातात. हे नुकसान खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे.

पण पेटीवाल्यांना नुसती शिवी देणाऱ्यांशीही माझं जमत नाही. किंगरी एकट्याची होती. पेटीमुळं वीस माणसं एका चालीत आली. ज्याच्या झोळीत आपण वरून धान्य टाकत होतो, त्याची चाल पाटलाच्या आणि महाराच्या पोरानं एका पखवाजावर म्हटली. हा लाभ लहान नाही. बँजो पार्टीनं तीच चाल वरातीत नेली आणि पळवली. मला ती तशी आवडत नाही, पण त्या तालावर पोरं नाचतात तेव्हा वर चढणारा तुकडा आला की सगळ्यांचे हात आपोआप वर जातात. म्हणजे तुकडा अजून आपलं काम करतो आहे.

आणि उसनी चाल घेण्यात लाज कसली? अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणलं, तिथपासून संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचं नाव छापायची रीत आहे. केवढा प्रामाणिकपणा. आमच्या मंडळांनी वहीत तेवढं लिहिलं तरी निम्मी भांडणं मिटतील. चाल: किंगरीवाल्यांची.

याला जोडूनच जमवणाऱ्यांविषयी. सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीनं गाणी छापली, त्यांचे उपकार आहेत. पण पुस्तकात शब्द येतात, चाल कागदावर येत नाही. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमवल्या, आवाजही टिपले, आणि ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईची तेही नोंदवलं. ही पद्धत मला पटते. एकीची ओवी खरी आणि दुसरीची खोटी असा निवाडा त्यांनी केला नाही. याउलट शहरातल्या लोककलेच्या कार्यक्रमात काय होतं? दहा मिनिटं मिळतात. किंगरीमागं ढोलकी बसवतात. आणि जिथं शब्द संपून नुसती गजाची ओढ राहायला पाहिजे, बरोबर तिथं लोक टाळ्या वाजवतात. टाळी वाईट नसते, पण ती जागा टाळीची नव्हे. मोबाईलवर सध्या फिरतं ते असल्याच कार्यक्रमातलं. पोरं तेच ऐकून गातात आणि टाळ्यांसाठी थांबतात.

यापुढचं लिहिताना हात जड होतो. 1 जुलै 2018 ला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षेसाठी गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं होते. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. लोकांनी त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं.

चालीच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण चाल पसरते कशी, हाच माझा विषय आहे. परका माणूस दारात येतो आणि घरातलं माणूस त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहतं, यावर ही चाल उभी आहे. त्या दिवसानंतर आमच्याकडं येणारे कमी झाले. जे आले ते गळ्यात ओळखपत्र अडकवून, आणि किंगरीला हात लावायच्या आधी ते काढून दाखवायचे. बाया दाराच्या फटीतून दहा रुपये पुढं करायच्या आणि कडी लावायच्या. पैसे मिळाले, चाल मात्र सुरूच झाली नाही.

कायदाही आडवा आहे. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा भीक कशाला म्हणतो ते बघा. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या किंवा भविष्य सांगण्याच्या बहाण्यानं का असेना. बहाणा! ज्या चालीची लांबी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत मोजून बेतलेली, ती कायद्याच्या लेखी बहाणा.

तरी मला एक स्पष्ट लिहायचं आहे. चाल टिकावी म्हणून किंगरीवाल्याच्या नातवानं झोळी घेऊन फिरावं असं म्हणायचा मला काही हक्क नाही. माझी पोरं शाळेत गेली, त्याचीही जावीत. आमच्याकडं येणाऱ्या बाबाचा नातू टेम्पो चालवतो आणि त्यानं किंगरी खुंटीला टांगलीय. त्याला नावं ठेवणारे गावात आहेत. कला बुडवली म्हणतात. मी त्यांना विचारतो, तुमच्या दारात त्याचा आजा उभा होता तेव्हा तुम्ही त्याला आत बसवून पाणी दिलं होतं का? भिक्षा वाढताना सूप उंच धरायचं, झोळीला लागू द्यायचं नाही, ही रीत कुणाची होती? कला त्यानं बुडवली नाही. त्यानं फक्त उंबऱ्याबाहेर उभं राहणं सोडलं. ते त्यानं सोडावंच.

मग चालीनं जायचं कुठं? झोळीविना दार उघडावं लागेल. आमच्या यात्रेला तमाशाची, ऑर्केस्ट्राची सुपारी देतात, तशी किंगरीची द्यावी. वर्गणीतून, ठरवून, मानानं. नवनाथांचं पारायण असेल तेव्हा गोपीचंदाच्या अध्यायाला त्याला बोलवावं आणि स्टेजवर न चढवता वसरीवर बसवावं, बायकापोरांच्या मधे. त्याच्या टेम्पोवाल्या नातवाला झील येते, मी ऐकली आहे. गाडी रिकामी परत येताना तो गातो. झील येत असेल तर शेवट त्याच्याकडं आहे. या चालीत शेवटच आधी शिकवतात, सुरुवात मागाहूनही येते.

आणि भजनी मंडळांना एवढंच सांगायचं. चाल कुणाची यावर खुशाल भांडा, त्यानं ती जिवंत राहते. पेटीवर घ्या, पळवा, सावकाश करा, शब्द बदला, आमच्या बायकांनीही बदलले. पण ओळ संपली की टाळ लगेच आपटू नका. पेटीवाल्यानं एक सूर नुसता धरून ठेवावा. आत कुणीतरी सूप घेऊन उठलेलं असतं, त्याला दारापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो.